मेघकुमाराचा कागदी हत्ती

व्यापारी घराण्यांत आहेराची वही जपून ठेवण्याची रीत आहे. कोणाच्या लग्नात काय आले, कोणाच्या वास्तुशांतीला काय दिले, हे सारे तीत नोंदलेले असते आणि पुढच्या प्रसंगी ती वही उघडूनच पाकिटातली रक्कम ठरते. व्यवहाराच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष आहे. ऋण लक्षात राहते, कोणी दुखावत नाही. मात्र ज्यांच्या घरी कशाचीच उणीव नाही अशा आजोबांनी अठाई पूर्ण केली, किंवा वर्षीतपाचे पारणे आले, म्हणजे घरातल्या लहान मुलांपुढे प्रश्न उभा राहतो. पैसे त्यांचे नसतात. विकत आणलेली वस्तू खरे तर वडिलांची असते. मुलांची स्वतःची अशी भेट म्हणजे त्यांच्या हातांनी घडवलेली एखादी वस्तूच. तिच्यासाठी वहीत रकाना नाही, आणि तशा भेटीची परतफेडही संभवत नाही.

कागदापासून घनाकार प्राणी घडवण्याची कला या कामी फार सोयीची आहे. कागद घडी करून केलेला ओरिगामीचा पक्षी निराळा आणि ही कला निराळी. येथे सपाट कागदावर प्राण्याच्या अंगाची ‘घडणी’ आखतात, ती कापतात, घड्या घालतात आणि कडा जोडून पोकळ आकार उभा करतात. पाचवी-सहावीच्या गणिताच्या पुस्तकात मुले घनाची व इष्टिकाचितीची घडणी शिकतात, तेच हे तत्त्व. युरोपात ते छापील स्वरूपात प्रथम नीट मांडले जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने, १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भूमितीच्या ग्रंथात. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील एपिनाल येथील छापखान्यांनी मुलांनी कापून जोडावयाचे चित्रताव मोठ्या संख्येने काढले. अलीकडच्या काळात जपानी कंपन्यांनी ही कला फार पुढे नेली. यामाहा मोटर ही दुचाकी बनवणारी कंपनीदेखील अनेक वर्षे जगातील दुर्मिळ प्राण्यांच्या कागदी प्रतिकृतींचे नमुने विनामूल्य देत असे.

ड्यूररचे नाव निघाले म्हणून एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १५१४ साली गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट मिळाला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजावर चढवून लिस्बनला आपल्या राजाकडे पाठवला. राजाने काही महिने त्याचे कौतुक केले आणि पुढे तो पोपला भेट म्हणून रोमकडे रवाना केला. १५१६च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. गेंडा डेकवर साखळदंडांनी जखडलेला असल्यामुळे त्याला पोहून सुटता आले नाही. ड्यूररने तो प्राणी कधीच पाहिला नव्हता. एक पत्र व एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने १५१५ साली त्याचे लाकूडठशाचे चित्र काढले, आणि तेच चित्र पुढे शतकानुशतके युरोपात गेंड्याचे खरे रूप म्हणून चालले. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचे लांछन गेंडा आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रवासाची कथा अधिक लागेल. भेट म्हणून प्राणी द्यायचाच, तर तो कागदाचा द्यावा.

येथे जैन घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्राण्याच्या आकाराचा केक कापू नये, प्राण्याच्या आकाराची मिठाई खाऊ नये, असे आपल्याकडे मुलांना सांगितले जाते. त्यामागे राजा यशोधराची कथा आहे. सोमदेवसूरींनी शके ८८१ म्हणजे इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ काव्याचा आणि पुष्पदंताच्या अपभ्रंश ‘जसहरचरिउ’चा विषय हाच. आईच्या आग्रहावरून यशोधराने देवीपुढे जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी मारण्याचा संकल्प मनात होता, म्हणून मायलेकांना अनेक तिर्यंच जन्म भोगावे लागले. मग कागदाचा प्राणी कात्रीने कापून करावा की करू नये?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रातच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. एखाद्या वस्तूत ‘ही तीच’ अशी बुद्धी ठेवणे म्हणजे स्थापना. टीकाकार व अध्यापक यासाठी बुद्धिबळाच्या सोंगट्यांचे उदाहरण नेहमी देतात. लाकडाच्या तुकड्यात हत्तीचे रूप नसते, तरी खेळणारा त्याला हत्तीच म्हणतो; ही अतदाकार स्थापना. हुबेहूब आकार असेल तर ती तदाकार. पिठाच्या कोंबड्यात कोंबड्याची स्थापना झाली आणि त्याच्यावर शस्त्र चालले, तेथे दोष घडला. कोरा कागद कापताना प्राण्याची स्थापना झालेलीच नसते. ती होते शेवटी, आकार उभा राहिल्यावर. आणि त्या वेळी करणाऱ्याच्या मनात जो भाव असेल तो महत्त्वाचा. म्हणून कोणता प्राणी करावा आणि त्याला कोणत्या कृतीत दाखवावे, याला मोठे महत्त्व आहे. झेप घेणारा वाघ आणि पाय उचलून थांबलेला हत्ती ही दोन्ही खेळणीच. पण मुलाच्या मनात त्यांची मुद्रा सारखी उमटत नाही.

पाय उचललेला हत्ती म्हटले की ज्ञाताधर्मकथांगाचे पहिले अध्ययन आठवते. त्याचे नावच ‘उत्क्षिप्त’, म्हणजे उचललेला. श्रेणिक राजा आणि धारिणी राणी यांचा पुत्र मेघकुमार याने भगवान महावीरांजवळ दीक्षा घेतली. पहिल्याच रात्री त्याची शय्या दाराजवळ आली. येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय लागत राहिले, झोप लागली नाही, आणि राजवाड्यात मान देणारे हेच लोक आज आपल्याला तुडवीत जातात असे त्याच्या मनात आले. सकाळी घरी परत जाण्याची अनुज्ञा मागावी असे त्याने ठरवले. भगवंतांनी त्याला त्याच्या पूर्वजन्मीचा मेरुप्रभ हत्ती सांगितला. वणव्यापासून रक्षण व्हावे म्हणून त्या हत्तीने झाडेझुडपे उपटून एक मोकळे मंडल तयार केले होते. वणवा पेटला तेव्हा रानातले सारे प्राणी तेथे दाटीवाटीने गोळा झाले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने एक पाय उचलला, तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत एक ससा शिरला. पाय खाली ठेवावा तर ससा चिरडणार. अडीच दिवस-रात्र हत्तीने पाय अधांतरी धरला. आग विझली, प्राणी निघून गेले, ससाही गेला. मग पाय टेकू पाहतो तो जखडलेला. हत्ती कोसळला आणि पुढे तीन दिवसांनी त्याचा अंत झाला. ज्याने सशासाठी इतके सोसले त्याला साधूंच्या पायांचा स्पर्श सोसवू नये, हे ऐकून मेघमुनी स्थिर झाले. उपवासाच्या पारण्याला द्यावयाच्या भेटीसाठी याहून उचित विषय सापडणे कठीण. तपश्चर्या म्हणजे काय, हे त्या उचललेल्या पायात सारे आले.

तीर्थंकरांची किंवा साधूंची कागदी आकृती मात्र करू नये. निमंत्रणपत्रिकांवर छापलेली भगवंतांची चित्रे शेवटी कोठे जातात, हे प्रत्येक संघात बोलले जातेच. हत्ती हा पूजेचा विषय नाही, तो खेळता येतो.

आता साहित्याकडे वळू, कारण सावधगिरी खरी तेथे लागते. कागद कोरा घ्यावा. धार्मिक मासिकाचे किंवा पाठ्यपुस्तकाचे पान कापणे ज्ञानपंचमीला पुस्तकांची पूजा करणाऱ्या घरात शोभत नाही. जाडी दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास असावी. दुकानदार याला ‘दोनशे जीएसएम’ म्हणतो. याहून पातळ कागद पाय वाकवतो, याहून जाड कागद घडीवर फुटतो. जुन्या कॅलेंडरचा चकचकीत कागद मोहात पाडतो, पण त्यावर गोंद धरत नाही. जलरंगांसाठी मिळणारे उंची परदेशी कागदही टाळावेत. त्यांपैकी अनेकांना जिलेटिनचा थर दिलेला असतो, आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून निघते. महाग वस्तू अधिक शुद्ध असते असे नाही, हे येथे चांगले दिसते. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद मिळाला तर उत्तम. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, आणि त्यासाठी झाड तोडावे लागत नाही.

गोंदाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पूर्वी सुतार आणि जिल्दसाज सरस वापरीत. सरस म्हणजे कातडी व हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. १९५९ साली बळवंतराय पारेख यांनी फेविकॉल बाजारात आणले ते या सरसाला पर्याय म्हणूनच. चुलीवर सरस वितळवण्याचा त्रास आणि दुर्गंधी दोन्ही त्यामुळे संपले. पांढरा गोंद रासायनिक आहे, त्यात प्राणिज पदार्थ लागत नाही. काही घरांत मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची खळ अधिक सात्त्विक समजली जाते, पण पर्युषणाच्या दिवसांत म्हणजे ऐन पावसाळ्यात हा विचार फसवा ठरतो. शिळ्या खळीत जीवोत्पत्ती होते, वाळलेल्या खळीला कसर आणि झुरळे लागतात. आणि ते टाळण्यासाठी जिल्दसाज तीत मोरचूद घालतात, तो कीटक मरावेत म्हणूनच. तेव्हा पांढरा गोंदच बरा. रंग द्यायचा असेल तर रंगीत पेन्सिली वापराव्यात, किंवा नायलॉनचा कुंचला घ्यावा. खारीच्या वा डुकराच्या केसांचा नको. खरे पाहता न रंगवलेला राखाडी कागदच हत्तीला अधिक खुलतो.

कागदाला दिशा असते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. यंत्रावर तयार होताना त्यातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते. आडवी घडी खरखरीत होते व फाटू पाहते. म्हणून छोटे कागद न घेता पूर्ण ताव आणून तुकडे दिशेनुसार काढावेत. चाळणीवर हाताने गाळलेल्या हातकागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे त्याला ही अडचण नसते. प्रत्येक घडीच्या रेषेवरून पट्टी धरून शाई संपलेले बॉलपेन दाबून फिरवावे. त्या खाचेवर कागद आपोआप सरळ दुमडतो. सर्व खाचा आधी, मग कापणे, मग सर्व घड्या, आणि गोंद सर्वांत शेवटी, हा क्रम मोडला की काम बिघडते. जोडासाठी प्रत्येक कडेला सात-आठ मिलिमीटरची पट्टी सोडावी लागते.

हत्तीच्या धडासाठी ८५ मि.मी. रुंदीची व २३३ मि.मी. लांबीची एक पट्टी घ्यावी. लांबीवर अनुक्रमे ५०, ५५, ५० आणि ७० मि.मी. अशा खुणा करून उरलेले ८ मि.मी. जोडासाठी ठेवावे. पन्नासाचे दोन भाग म्हणजे बगला, पंचावन्नाचा भाग पोट, सत्तरीचा भाग पाठ. पाठीचा भाग लाटण्यावरून फिरवून गोल करावा. पुढच्या व मागच्या तोंडांसाठी दोन तुकडे लागतात. प्रत्येकाचा पाया ५५, बगला ५० आणि वर मधोमध सुमारे १८ मि.मी. उंचीची कमान. त्या कमानीची लांबी पाठीच्या सत्तर मिलिमीटरशी जुळते. पाठीचा हा उंचवटा सोडू नये. बाजारात मिळणारे बहुतेक नमुने आफ्रिकी हत्तीचे असतात, त्याची पाठ मध्ये खोल आणि कान खांद्यावर पसरलेले. आपल्या हत्तीची पाठ फुगीर, माथ्यावर दोन गंडस्थळे, कान लहान. मेरुप्रभ आफ्रिकेतला नव्हता.

तीन पाय म्हणजे २० मि.मी. बाजूच्या चौकोनी नळ्या, प्रत्येकी ४५ मि.मी. उंच. चौथा, म्हणजे पुढचा उजवा पाय मांडीकडे २२ आणि खाली १४ मि.मी. ठेवून सांध्यावर मागे दुमडायचा. त्यासाठी नळीची पुढची भिंत अखंड ठेवून बाकीच्या तिन्ही भिंतींतून पाचरीसारखा तुकडा काढावा आणि खालचा भाग सुमारे ४५ अंश मागे वळवावा. पाऊल जमिनीपासून १३ मि.मी. वर राहते. डोके एक लहान खोका, सोंड एकात एक बसवलेल्या आणि क्रमाने अरुंद होत जाणाऱ्या पाच कड्यांची. हे भाग मुले आपल्या मनाने करतात, आणि ते थोडे वाकडे झाले तरी बिघडत नाही.

खरी कसोटी हत्ती उभा करताना लागते. चार पायांवर तो सुखाने उभा राहतो. तीन पायांवर ठेवताच उचललेल्या पायाच्या अंगावर कलंडतो. याचे कारण सरळ आहे. तीन पावले जमिनीवर एक त्रिकोण करतात आणि वस्तूचा गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या आत पडला तरच ती उभी राहते. धडाचा मध्यबिंदू नेमका त्या त्रिकोणाच्या तिरप्या कडेवर येतो, आणि डोके व सोंड यांच्या वजनाने तो आणखी पुढे सरकून बाहेर जातो. उपाय म्हणजे उचललेल्या पायाच्या तिरप्या समोर, मागच्या डाव्या कोपऱ्यात, पोटाच्या आत वजन ठेवणे. संपूर्ण हत्तीला लागणारा कागद साधारण १५ ग्रॅमचा होतो. तांबे-निकेलचे जुने जाड पाच रुपयांचे नाणे ९ ग्रॅमचे असते. ते एकच नाणे त्या कोपऱ्यात चिकटवले की गुरुत्वमध्य मागे आणि डावीकडे सरकून त्रिकोणात येतो व हत्ती स्थिर होतो. धड बंद करण्यापूर्वी हे करणे आवश्यक आहे, कारण नंतर आत हात जात नाही. आहेराच्या रकमेवर एक नाणे वाढवून देण्याची आपली रीत आहे. येथे ते नाणे पाकिटाऐवजी हत्तीच्या पोटात जाते, आणि तेथे त्याला कामही असते. एक रुपयाचे स्टीलचे नाणे चालेल का, असे मुले विचारतात. चालते, पण जेमतेम. टेबलाला धक्का लागला की हत्ती डगमगतो.

पावले एका पुठ्ठ्यावर चिकटवून टाकली तर नाण्याची गरज उरत नाही, हे खरे. घाई असेल त्याने तसे करावे. परंतु स्वतःच्या तोलावर उभ्या असलेल्या हत्तीकडे पाहताना जे जाणवते ते चिकटवलेल्या हत्तीकडे पाहून जाणवत नाही. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या मदतीने हे काम दोन-तीन दिवस पुरते, रोज तासभर. एका बैठकीत उरकण्याचा हट्ट धरला की गोंद ओला असतानाच पुढचा भाग जोडला जातो आणि धड पिळवटते. सामायिक, पाठशाळा आणि शाळेचा गृहपाठ यांतून वेळ काढावा लागतो, म्हणून अठाईच्या पहिल्या दिवशी सुरुवात करावी. आजोबांचे उपवास चालू असतील आणि शेजारच्या खोलीत नातवंडे पायांच्या नळ्या वाळत ठेवीत असतील, तर त्या दिवसांत ती आरडाओरडाही जरा कमी करतात, असा अनेक घरांतला अनुभव आहे.

दमट हवेत कागद पाणी शोषून मऊ पडतो. भेट झाल्यावर हत्ती काचेच्या कपाटात किंवा झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवावा. डांबराच्या गोळ्या घालू नयेत. कालांतराने तो खिळखिळा झाला तर मुलांना फाडू देऊ नये. जोड हलकेच ओले करून उकलावेत म्हणजे पुन्हा सपाट कागद होतो, तो रद्दीत देता येतो आणि नाणेही परत मिळते. स्थापना जशी केली तशी ती उतरवताही येते.

सशाबद्दल सांगायचे राहिले. तो करंगळीच्या नखाएवढा, १२ मि.मी.पेक्षा उंच नसलेला, कान मागे टाकून बसलेला करावा. त्यासाठी दुमडलेला एकच तुकडा पुरतो. हत्तीचे आणि त्याचे प्रमाण तंतोतंत जुळणार नाही.  त्याला हत्तीच्या पायाखाली चिकटवू नये. वेगळ्या छोट्या पाकिटात घालून तो पारण्याच्या दिवशी आजोबांच्या हाती द्यावा आणि पायाखाली ठेवायचे काम त्यांच्याकडेच सोडावे.